रेखाटनांतील हात

मराठी भाषेनें हातावर मोठा भार टाकलेला आहे. आपण देवापुढें हात जोडतों, पडलेल्याला हात देतों, रागाच्या भरांत हात उगारतों, निरुपाय झाला म्हणजे हात टेकतों. आणि ज्याचें पोट हातावर आहे त्याच्यावर दुष्काळांत दुसऱ्यापुढें हात पसरण्याची पाळी येते. या सर्व प्रयोगांत हात हा नुसता शरीराचा एक अवयव राहिलेला नाहीं. माणसाचें देवाशीं, शेजाऱ्याशीं, सत्तेशीं आणि अन्नाशीं जें नातें असतें, तें थोडक्यांत सांगण्याचें काम भाषेनें हातावर सोंपविलेलें आहे. असें असूनहि एखादें चित्र पाहावयाची वेळ आली कीं, आपली दृष्टि प्रथम चेहऱ्याकडे धांवते व बहुधा तेथेंच थांबते. हात हे चित्राच्या खालच्या बाजूला कोठें तरी असतात. ते बरे काढले असले तर आपल्या ध्यानांत येत नाहींत, आणि वाईट काढले असले तर मात्र खटकतात.

चित्रकारांची दृष्टि या बाबतींत आपल्याहून निराळी असते. युरोपांतील थोर चित्रकारांच्या टिपणवह्या व सुटे कागद आज तेथील संग्रहांत जपून ठेवलेले आहेत. ते चाळतांना असें दिसतें कीं, चेहऱ्याइतकेच, किंबहुना कधीं कधीं त्याहून अधिक श्रम हातांवर व बाहूंवर झालेले आहेत. हीं रेखाटनें मुळांत स्वतंत्र कृति म्हणून केलेलीं नव्हतीं. मोठ्या चित्राची पूर्वतयारी एवढाच त्यांचा उद्देश होता. परंतु कालाचा न्याय असा विलक्षण कीं, ज्या मोठ्या चित्रासाठीं खटाटोप झाला तें नष्ट किंवा विरूप व्हावें, आणि सेवकाच्या नात्यानें केलेलें हाताचें टिपण मात्र शाबूत राहावें, असें एकदांच नव्हे तर अनेकदां घडलें. या टिपणांना पुढें स्वतंत्र प्रतिष्ठा कशी मिळाली, आणि सुमारें साडेचारशें वर्षांत रेखाटनांतील हातांनीं काय काय सांगितलें, याचा थोडक्यांत आढावा घेण्याचा येथें विचार आहे.

आरंभीं हाताच्या रचनेविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. मनगटापासून बोटांच्या टोंकांपर्यंत मानवी हातांत २७ हाडें असतात. एवढ्या लहान जागेंत इतके सांधे असल्यामुळें हाताच्या ठेवणींना अंत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, बोटांच्या ठिकाणीं त्यांना वळविणारे स्नायु जवळजवळ नाहींतच. बोटें मिटविणारे व उघडणारे बळकट स्नायु कोपराखालच्या बाहूंत असतात, आणि तेथून लांब दोऱ्यांसारखे कंडरे बोटांपर्यंत गेलेले असतात. मूठ आवळली कीं बाहु ताठ होतो तो यामुळेंच. म्हणून नुसतीं बोटें सुबक काढून हात जिवंत होत नाहीं. त्या बोटांतला जोर बाहूंतून आलेला दिसावा लागतो. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना चेहऱ्यापेक्षां हात अवघड वाटतो त्याचें हें एक कारण होय. आणि हात एकदां साधला कीं तो इतकें बोलतो, त्याचेंहि कारण हेंच.

हें रहस्य कातडीखालीं जाऊन पाहणारा चित्रकार म्हणजे लिओनार्दो दा विंची. इ. स. १५१०–११ च्या सुमारास त्यानें प्रेतांची चिरफाड करून जीं शारीरचित्रें काढलीं, त्यांत हाताचे थर एकामागून एक उलगडून दाखविलेले आहेत. परंतु त्याचें लक्ष केवळ हाडांवर व स्नायूंवर नव्हतें. चित्रकारानें हावभाव कोणापासून शिकावे याविषयीं त्यानें एक मार्मिक सूचना करून ठेविली आहे: मुक्या माणसांकडे पाहावें; कारण ज्यांना वाणी नाहीं ते हातांनीं बोलतात, आणि चित्रांतील माणसांनाहि वाणी नसतेच. मिलान येथील भिंतीवर ‘अंतिम भोजन’ रंगविण्यापूर्वीं त्यानें वहींत केलेलीं टिपणें याच धर्तीचीं आहेत. एकानें पीत असतां पेला खालीं ठेवावा, दुसऱ्यानें हातांचीं बोटें एकमेकांत गुंतवून सोबत्याकडे कठोर मुद्रेनें वळावें, तिसऱ्यानें तळवे उघडून दाखवीत खांदे कानांपर्यंत उचलावे, अशी तीं टिपणें आहेत. “तुमच्यापैकीं एकजण माझा घात करील,” हें येशूचें वाक्य कानीं पडतांच बारा माणसांचीं मनें कशीं हाललीं, तें लिओनार्दोला चोवीस हातांतून सांगावयाचें होतें.

इ. स. १४९५ ते १४९८ या काळांत झालेलें हें चित्र ओल्या गिलाव्यावर न काढतां कोरड्या भिंतीवर काढलें गेलें, आणि लिओनार्दोच्या हयातींतच तें बिघडूं लागलें. आज आपण पाहतों तो त्याचा झिजलेला व पुनःपुन्हां दुरुस्त केलेला अवशेष आहे. पण इंग्लंडांत विंडसर येथील राजसंग्रहांत त्या चित्रासाठीं केलेलीं कांहीं रेखाटनें आहेत, आणि त्यांत पीटर या शिष्याच्या वांकविलेल्या उजव्या बाहूचें एक टिपण आहे. बाहीच्या चुण्यांखालीं कोपराचा तो कोन जितका स्पष्ट त्या कागदावर दिसतो, तितका आतां भिंतीवर दिसत नाहीं.

विंडसरच्याच संग्रहांत एका स्त्रीच्या हातांचें सुप्रसिद्ध रेखाटन आहे. लेप दिलेल्या कागदावर रुप्याच्या टोंकाच्या लेखणीनें तें काढलेलें आहे. ही लेखणी मोठी निष्ठुर असते. तिची रेघ सहजासहजीं पुसतां येत नाहीं. म्हणून हात चालविण्यापूर्वीं डोळा निश्चित झालेला असावा लागतो. या कागदावर एक हात खालीं शांतपणें टेकलेला आहे, दुसरा उराशीं उचललेला आहे, आणि त्याच्या बोटांची ठेवण पाहिली तर त्यांत एखादी नाजूक वस्तु, बहुधा फुलाचा देंठ, असावी असा भास होतो. आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रशाळेंत असलेलें जिनेव्रा दे बेंची हिचें व्यक्तिचित्र खालच्या बाजूनें कापलें गेलेलें आहे. तें पूर्ण असतांना त्यांत हात असावेत व विंडसरचें रेखाटन त्याच हातांचें असावें, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. कांहीं हा कागद बराच नंतरचा मानतात. वाद कसाहि सुटो. मुद्रा पाहिली तर जिनेव्रा गंभीर, अलिप्त, जवळजवळ रुष्ट दिसते. आणि ते हात पाहिले तर त्यांत हळवेपणाखेरीज कांहीं नाहीं. चेहरा एक सांगतो व हात दुसरेंच सांगतात, हा अनुभव आपल्याला व्यवहारांत नेहमीं येतो. चेहऱ्याला आपण लहानपणापासून शिस्त लावतों. हातांना तशी शिस्त लावावयाचें आपल्याला सुचत नाहीं.

लिओनार्दोच्या समकालीनांत, आल्प्स पर्वताच्या उत्तरेस, न्यूरेंबर्ग येथें एका सोनाराच्या घरीं आल्ब्रेख्त ड्यूरर जन्मला. सूक्ष्म कारागिरी त्याच्या घरांतच होती. इ. स. १५०८ मध्यें काढलेले त्याचे ‘जोडलेले हात’ व्हिएन्ना येथील आल्बर्टिना संग्रहांत आहेत. जगांत हाताचें इतकें प्रसिद्ध दुसरें रेखाटन क्वचितच असेल. सुमारें २९ सेंटिमीटर उंच व २० सेंटिमीटर रुंद असा निळसर कागद. त्यावर कुंचल्याच्या बारीक टोंकानें काढलेल्या करड्या रेघा, आणि जेथें उजेड पडला आहे तेथें पांढऱ्या रंगाच्या रेघा. बाह्या मनगटाशीं दुमडलेल्या आहेत. तळवे एकमेकांवर घट्ट दाबलेले नाहींत. बोटांचीं टोंकें हलकेंच टेकलीं आहेत, आणि एखादें बोट किंचित् वांकलेलें आहे. शिरा दिसतात, सांध्यांवरच्या सुरकुत्या दिसतात. हे हात कोणा देवदूताचे नव्हेत. बरींच वर्षें काम केलेल्या माणसाचे आहेत.

या चित्राभोंवतीं एक गोड दंतकथा गुंफली गेली आहे. ड्यूररला कला शिकतां यावी म्हणून त्याच्या भावानें, किंवा कोणी सांगतात मित्रानें, खाणींत काबाडकष्ट केले. त्यांत त्याचीं बोटें निकामी झालीं. आणि कृतज्ञ ड्यूररनें तेच हात चित्रित करून अमर केले. कथा हृदयंगम आहे, परंतु तिला इतिहासाचा आधार नाहीं. खरी हकीकत अधिक साधी आहे. फ्रँकफुर्टचा श्रीमंत व्यापारी याकोब हेलर यानें तेथील चर्चसाठीं ड्यूररकडून वेदीवरील एक मोठें चित्र करवून घेतलें. त्याच्या मोबदल्याबद्दल दोघांत पत्रांतून बरीच घासाघीस झाली, आणि मुळांत ठरलेल्या १३० ऐवजीं अखेर २०० सोन्याचीं नाणीं ड्यूररला मिळालीं. त्या चित्रांत मेरीच्या स्वर्गारोहणाकडे वर पाहणारे शिष्य होते, आणि त्यांपैकीं एकाच्या हातांचा हा सराव होता. इ. स. १५०९ मध्यें पुरें झालेलें तें चित्र पुढें बव्हेरियाच्या राजघराण्यानें विकत घेतलें, आणि इ. स. १७२९ मध्यें म्यूनिकच्या राजवाड्याला लागलेल्या आगींत तें जळून गेलें. त्याची दुसऱ्यानें केलेली नक्कल तेवढी उरली आहे. हेलरनें ज्यासाठीं पैसे मोजले तें आज नाहीं. ज्याचा उल्लेखहि सौद्यांत नव्हता तो निळा कागद आहे. दंतकथा खोटी ठरली तरी ती कां जन्मली हें समजण्यासारखें आहे. ते हात पाहून लोकांना वाटलें कीं, यांच्यामागें कोणाचें तरी आयुष्य असलेंच पाहिजे. रेखाटनाचें सामर्थ्य याहून निराळ्या रीतीनें सिद्ध करण्याची जरूरी नाहीं.

परंतु हातांतून नेहमींच सत्य बाहेर पडतें असें मात्र समजूं नये. ड्यूररनंतर सुमारें शंभर वर्षांनीं व्हॅन डाइक हा फ्लेमिश चित्रकार इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाच्या दरबारीं होता. त्याच्या कार्यपद्धतीची हकीकत रॉजे द पील या फ्रेंच लेखकानें नमूद केली आहे. गिऱ्हाईक समोर बसवून चेहरा टिपावयाचा, कपडे मागून घेऊन ते शागिर्दांकडून रंगवावयाचे, आणि हातांसाठीं पगार देऊन ठेवलेलीं माणसें पुढें बसवावयाचीं, असा क्रम असे. म्हणून त्या चित्रांतल्या कितीतरी सरदारांचे व त्यांच्या स्त्रियांचे हात एकाच घराण्यांतले असावेत असे निमुळते, गोरे व निरुद्योगी दिसतात. ते सुंदर आहेत यांत शंका नाहीं. पण ते कोणाचे आहेत हें त्यांना स्वतःलाहि सांगतां येणार नाहीं. हात हा बोलका खरा, परंतु तो ज्याचा त्याचा असला तरच.

याच्या अगदीं उलट टोंकाला हॉलंडचा रेम्ब्रांट उभा आहे. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें त्याचें एक लहानसें रेखाटन आहे, तें इ. स. १६५६ च्या सुमाराचें मानतात. याच वर्षीं रेम्ब्रांटचें दिवाळें निघालें व त्याचा संग्रह लिलांवांत गेला. या कागदावर दरबार नाहीं, देवदेवता नाहींत. एक मूल चालावयास शिकत आहे. दोघीजणी त्याला दोन बाजूंनीं धरून आहेत, पुढें बाप उकिडवा बसून बाहु पसरून त्याला बोलावीत आहे, आणि दुधाची भरलेली चरवी घेऊन जातां जातां एक बाई तें कौतुक पाहते आहे. सगळें बोरूनें व तपकिरी शाईनें काढलेलें. बोटें मोजूं गेलें तर हातीं कांहीं लागत नाहीं. बापाचे हात म्हणजे घाईनें ओढलेले चार दोन फटकारे. तथापि ते बाहु किती पुढें आले आहेत, मुलानें आणखी एक पाऊल टाकलें तर ते त्याला कसे झेलतील, आणि जिनें मुलाला धरलें आहे ती कोणत्या क्षणीं पकड सैल करील, हें सर्व त्यांत स्पष्ट आहे. ड्यूररनें शिरान् शिर दाखवून जें साधलें तें रेम्ब्रांटनें शिरा गाळून साधलें. येथें हाताचें सौंदर्य बोटांत नाहीं. एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत जें अंतर आहे त्यांत आहे. ‘हात देणें’ या आपल्या वाक्प्रचाराचा अर्थ कोणाला रेघांनीं समजावून द्यावयाचा झाला तर हा कागद पुढें ठेवावा.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा हात घराबाहेर, रस्त्यावर आला. जर्मनीच्या केटे कोल्विट्झ या चित्रकर्त्रीचा जन्म इ. स. १८६७ चा. तिचा नवरा डॉक्टर होता, आणि बर्लिनच्या मजूरवस्तींत त्याचा दवाखाना होता. दारांत येणाऱ्या आजारी, गरोदर, बेकार बायका ती रोज पाहत असे. विणकरांच्या बंडावरील तिच्या चित्रमालेला इ. स. १८९८ मध्यें सुवर्णपदक द्यावें अशी शिफारस झाली असतां कैसर दुसऱ्या विल्हेल्मनें ती फेंटाळली. पुढच्या ‘शेतकऱ्यांचें युद्ध’ या मालेंत एक चित्र आहे. त्यांत शेतकऱ्यांचा लोंढा शस्त्रें घेऊन धांवत सुटला आहे, आणि अग्रभागीं एक स्त्री आपल्याकडे पाठ करून उभी आहे. तिचा चेहरा आपल्याला दिसतच नाहीं. वर उगारलेले दोन उघडे, हाडकुळे बाहु दिसतात. आणि सगळा लोंढा जणूं त्या दोन बाहूंनीं उचलून पुढें फेंकला आहे. चेहऱ्यावांचून एवढा आवेश उभा करण्याचें धाडस तिच्या आधीं थोड्यांनींच केलें असेल.

इ. स. १९१४ च्या ऑक्टोबरांत तिचा धाकटा मुलगा पीटर बेल्जममध्यें रणांगणावर पडला. त्यानंतर तिच्या चित्रांतले हात उगारण्याऐवजीं कवटाळूं लागले. लांकडी ठशांनीं छापलेल्या ‘युद्ध’ या मालेंत आया एकमेकींना बिलगून, मुलांभोंवतीं बाहूंचा कोट करून उभ्या आहेत. इ. स. १९२४ च्या ‘जर्मनीचीं मुलें उपाशी आहेत’ या भित्तिपत्रकांत रिकामीं भांडीं वर धरणारे चिमुकले हात आहेत. आणि त्याच वर्षींच्या ‘पुन्हां युद्ध नको’ या पत्रकांत शपथ घेणाऱ्या तरुणाचा उंच केलेला हात आहे. इ. स. १९३३ मध्यें हिटलरचें राज्य येतांच प्रशियन कला अकादमींतून तिला बाहेर पडणें भाग पाडलें गेलें. त्याच वर्षीं कोळशानें काढलेलें तिचें एक आत्मचित्र वॉशिंग्टनमध्यें आहे. त्यांत चेहरा काळजीपूर्वक काढलेला आहे, कोळसा धरलेली मूठहि ओळखतां येते. परंतु खांद्यापासून मुठीपर्यंतचा बाहु म्हणजे नागमोडी ओढलेला एक जाड, वेगवान् फराटा आहे. बाहूचा आकार तिनें काढलाच नाहीं. त्यांतून जें वाहत होतें तेवढेंच काढलें. मुलांना आपल्या बाहूंखालीं झांकून धरणाऱ्या आईचें तिचें अखेरचें शिळाछाप चित्र दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन भरांतलें आहे. त्याच सुमारास, इ. स. १९४२ मध्यें, तिचा नातूहि रशियांत मारला गेला.

उपाशी मुलांचे जे हात कोल्विट्झनें बर्लिनमध्यें पाहिले, तसे हात एकोणीस वर्षांनीं आपल्या देशांत बंगालमध्यें लाखोंनीं पसरले गेले. इ. स. १९४३ च्या त्या दुष्काळांत सरकारी चौकशी आयोगाच्या अंदाजाप्रमाणें सुमारें १५ लाख, आणि पुढील अभ्यासकांच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ३० लाख माणसें दगावलीं. खेड्यांतून कलकत्त्याला आलेलीं माणसें भात मागत नव्हतीं. भाताची पेज मागत होतीं. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेंत शिक्षक असलेले झैनुल आबेदिन यांनीं पुडकीं बांधण्याच्या हलक्या कागदावर काळ्या शाईनें व कोरड्या कुंचल्यानें हीं माणसें टिपलीं. चित्तप्रसाद मेदिनीपूर जिल्ह्यांतून पायीं फिरले, आणि जें पाहिलें तें शाईनें रेखाटून व शब्दांत लिहून घेतलें. या रेखाटनांत मांसल असें कांहीं उरलेलेंच नाहीं. दंड आणि मनगट यांची जाडी एकच; मध्यें कोपराची गांठ; आणि टोंकाला वाडगें. युरोपच्या कलाशाळांत हाडें व कंडरे शिकण्यासाठीं प्रेतें चिरावीं लागत. येथें तीं जिवंत माणसांच्या कातडीवरून मोजतां येत होतीं.

चित्तप्रसादांच्या या रेखाटनांची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका सरकारनें जप्त करून नष्ट केली. तथापि तिचें नांव व तींतील चित्रें विस्मृतींत गेलीं नाहींत. चित्तप्रसाद पुढें मुंबईस आले आणि अंधेरीच्या वस्तींत त्यांनीं बरींच वर्षें काढलीं. आबेदिन ढाक्यास गेले आणि इ. स. १९४८ मध्यें तेथील कलाशाळेची स्थापना त्यांच्या पुढाकारानें झाली. त्या दुष्काळाचे अहवाल आज अभ्यासकच उघडतात. परंतु पेजेसाठीं पुढें आलेला तो हात एकदां पाहिलेला मनुष्य विसरत नाहीं. हेलरचें चित्र अपघातानें जळालें, आणि ही पुस्तिका हेतुपुरस्सर नाहींशी केली गेली. दोन्ही प्रसंगीं हातांचीं रेखाटनें मात्र मागें राहिलीं.

या साऱ्या इतिहासावरून एक गोष्ट ध्यानांत येते. लिओनार्दोपासून आबेदिनपर्यंत हातांचीं हीं रेखाटनें विषयानें भिन्न, साधनांनीं भिन्न. एक रुप्याच्या टोंकानें काढलेलें, दुसरें पुडक्याच्या कागदावरचें. परंतु प्रत्येकांत हात कोणत्या तरी दुसऱ्याकडे गेलेला आहे: देवाकडे, मुलाकडे, जमावाकडे, अन्नाकडे. चेहरा एकट्याचा असूं शकतो. हात सहसा एकट्याचा नसतो. व्हॅन डाइकचे भाड्याचे हात देखणे असूनहि मुके राहिले, कारण त्यांना कोणाकडे जावयाचेंच नव्हतें. माणसाला काय वाटतें हें चेहरा सांगेल. पण त्याला कोणाची गरज आहे आणि तो कोणाच्या उपयोगीं पडतो आहे हें जाणावयाचें असेल तर हातांकडे पाहावें लागतें.

वाचकांनीं एक साधा प्रयोग करून पाहावा. घरांत एखादा चित्रसंग्रह असेल, किंवा जुन्या मासिकांतील चित्रें जपून ठेवलेलीं असतील, तर त्यांतील चेहरे क्षणभर आपल्या तळव्यानें झांकावे आणि उरलेले हात पाहावे. बरींच चित्रें त्यामुळें गप्प होतील. कांहीं मात्र बोलतच राहतील. तीं पुन्हां पाहण्याच्या योग्यतेचीं समजावीं.